निळ्या पट्ट्यांचा सदरा

ना सासर ना माहेर, म्हणून गोवा.
ठाणे की इचलकरंजी, इचलकरंजी की ठाणे,
सहा महिने व्हिडिओ कॉलवर हेच दळण चाललेलं.
शेवटी शलाकावन्सं म्हणाल्या,
बाणावलीत घर घेऊ भाड्यानं,
कुणीच कुणाच्या दारात पाहुणं नको.

म्हणून चार खोल्या, चौदा माणसं,
एक फ्रिज, त्यात दोन विहिणींची दोन वेगळी विरजणं,
आणि आमचा यमन, वय एक वर्ष दहा महिने,
ज्याचा डिसेंबर आजवर फक्त पांढरा होता
आणि दुपारी तीनला मिटायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं वाळूत मूठ घातली,
म्हणाला, लुमी.
काय म्हणतोय गं?
बर्फ, मी म्हटलं. तिकडच्या भाषेत.
सगळे हसले. आई हसली नाही.
त्याची मूठ उलगडून म्हणाली, वा-ळू. म्हण, वा-ळू.
तो म्हणाला, लुमी.
आणि खाल्ली.

रात्री अडीचला त्याची सकाळ होते.
त्याला कडेवर घेऊन मी बलकांवात येरझारा घालते.
आत विद्याधरकाकांचं घोरणं
माझ्या नवऱ्याच्या घोरण्याला उत्तर देत असतं.
पलीकडे घरमालकीण एस्पेरांसाबाई जागीच.
नाताळच्या गोठ्याला हिरवळ हवी
म्हणून ताटल्यांत पेरलेल्या नाचणीवर पाणी शिंपडत विचारते,
न्हीद येना रे बाबा?
तो तिला हात हलवतो.
आमच्यातल्या एकालाही अजून हलवलेला नाही.

दिवसा सगळे त्याला स्वतःचं नाव शिकवतात.
म्हण आत्या. म्हण मामा. म्हण काकी.
तो बघत राहतो
पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या माणसासारखा.
आबा तेवढे काही शिकवत नाहीत.
गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसतात.
त्यानं चपला उलट्या घातल्या
की आपल्याही उलट्या घालतात.

एकतीस तारखेला गल्लीतली पोरं आली.
सरत्या वर्षाचा म्हातारा बनवत होती, गवताचा.
अंकल, जुनें शर्ट आसा?
आबांनी अंगातलाच काढून दिला,
निळ्या पट्ट्यांचा.
अहो, सेवानिवृत्तीचा सदरा तो! सासूबाई ओरडल्या.
असू दे. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचाच बसतो,
म्हणाले, आणि बनियनवर बसून राहिले.

बारा वाजता म्हातारा पेटला.
पोटात फटाके होते, तो खुर्चीतल्या खुर्चीत उडायला लागला.
माझ्या कडेवरून यमननं बोट दाखवलं
आणि सगळ्या मुक्कामातला पहिला मराठी शब्द
स्वच्छ उच्चारला:
आबा.

केवढा जल्लोष! कुणी टाळ्या वाजवल्या,
कुणी फोन काढला, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण.
मग बाही पेटली. कॉलर काळी पडली.
तो पुन्हा म्हणाला, आबा,
या वेळी किंचाळून,
आणि टाळ्या एकेक करून थांबल्या.

अरे, मी इथं आहे,
मागून आबा, बनियनमध्ये, दोन्ही हात पुढे करून.
तो गेला नाही.
आगीकडे बघितलं, आबांकडे बघितलं,
परत आगीकडे.
सासूबाई आत जाऊन शाल घेऊन आल्या.
मीठमिरच्याही आणल्या असाव्यात, मूठ झाकलेली होती,
कुणावरून ओवाळायच्या ते त्यांचं ठरेना.

सकाळी पोदेराच्या भोंग्यानं मी उठले
तर बाजूला पोर नाही.
दोघं रस्त्यावर उकिडवे बसलेले, म्हणजे तो उकिडवा,
आबा पाव आणायची पिशवी खाली टाकून तिच्यावर,
गुडघा लांब पसरून.
मध्ये राखेचं वर्तुळ. चपला चारही उलट्या.
यमननं राखेत मूठ घातली, उघडली,
वाऱ्यावर करडं काहीतरी उडालं.
लुमी.
हो रे, लुमी, आबा म्हणाले,
अगदी सवयीनं.

मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात,
वितळला की काय म्हणतात गं त्याला तिकडे?

सात वर्षं राहतेय मी तिथे.
विचारून सांगते, म्हटलं.